मी धानोऱ्यात होते, मग आमच्या ओसरीवर बोललं कोण?

अंगात येणं, करणी, झपाटणं... यातलं मला कधीच काही पटलं नाही. लहानपणी आमच्या गल्लीत एक बाई अमावस्येला घुमायची. सगळ्या बायका तिच्या पाया पडायच्या. मी आईच्या मागे उभी राहून बघायचे, तर ही बाई मधूनमधून एक डोळा उघडून कोण पाया पडलं नाही ते बघून घ्यायची. तेव्हापासून असल्या गोष्टींवरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच. माझ्या पोरीने, हर्षदाने, माझ्या मोबाईलवर एक ग्रूप लावून दिलाय, त्यात लोक आपापले विचित्र अनुभव लिहितात. ते वाचताना मला बऱ्याचदा हसू येतं. रस्त्यात पांढरी साडी दिसली, मागे बघितलं तर कोणी नाही... असंच सगळं.

माझ्या गोष्टीत पांढरी साडी नाही. हिरवी आहे, आणि ती माझीच आहे.

मी चौथीपर्यंत शिकले. लिहिताना चुका होतील. हे मी त्या ग्रूपवर टाकीन की नाही मला माहीत नाही, बहुतेक नाहीच. वहीत लिहिते आहे. पण वाचणारा कोणीतरी समोर आहे असं धरूनच लिहिते, नाहीतर हात पुढे जात नाही.

आमचं घर कोरीटला, नंदुरबार तालुक्यात. पुढे ओसरी, तिचं तोंड रस्त्याकडे. मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, मागे न्हाणी. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे सुशीलाबाईचं अंगण. उजव्या हाताला जेठांचं घर, म्हणजे यांच्या मोठ्या भावाचं; हर्षदा त्यांना मोठा बाबा म्हणते. अंगण दोघांचं एकच.

जेठांसमोर मी डोक्यावर पदर घेते आणि त्यांच्याशी बोलत नाही. आमच्यात तशी रीतच आहे, धाकटी सून जेठाशी समोरासमोर बोलत नाही. काही सांगायचं असेल तर मुलाबाळांना सांगायचं, किंवा भिंतीला सांगितल्यासारखं मोठ्याने म्हणायचं, म्हणजे त्यांना ऐकू जातं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत मी त्यांच्याशी एक वाक्य बोललेले नाही. आताच्या सुना बोलतात. मला कोणी मनाई केली नव्हती असं आता सगळे म्हणतात. पण बोल असंही कोणी म्हटलं नव्हतं.

हर्षदा आमची एकुलती एक. इंजिनिअरिंग झालं आणि तिला पुण्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली. घरूनच काम. मधल्या खोलीत टेबल टाकलं, लॅपटॉप, डोंगल, आणि लाइट गेली तर म्हणून एक बॅटरी. ती दिवसभर कानाला ते हेडफोन लावून बसायची आणि मी दाराबाहेरून चहा सरकवायचे. तिचं काम मला कळावं असं मला फार वाटायचं. ती सांगायचीही. मी मिरचीचे देठ खुडत बसायचे, वर्षाच्या तिखटाची मिरची, आणि ती समोर पाय पसरून सांगायची.

तर जे तिने सांगितलं ते माझ्या भाषेत असं. त्यांच्या कंपनीचं दवाखान्यांचं ॲप आहे, पेशंटने नंबर लावायचं. त्यात काही बदल केला की आधीचं सगळं चालतंय ना हे तपासावं लागतं. त्यासाठी शेकडो छोट्या चाचण्या लिहून ठेवलेल्या असतात. चाचणी करताना खरा डॉक्टर, खरा पेशंट, खरी बँक थोडीच बोलवायची? त्यांच्या जागी नकली उभे करायचे. नकली डॉक्टरला शिकवून ठेवायचं, तुला असं विचारलं की तू असं सांग. जेवढं शिकवलं तेवढंच तो बोलतो. शिकवलेलं नसेल तर रिकाम्या हाताने परत येतो. हे नकली उभे करण्याचं जे साधन असतं त्याला लायब्ररी म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे वाचनालय? ती इतकी हसली की मिरची उडाली माझ्या डोळ्यात.

त्यांचं ॲप दोन भाषांत लिहिलेलं. जुना भाग जावा नावाच्या भाषेत, नवीन भाग कोटलिनमध्ये. दोन्ही एकाच घरात नांदतात. फेब्रुवारीत तिच्या वरच्या माणसाने फोनवर सांगितलं, चाचणीची लायब्ररी जुनी झाली, नवी टाक. तिने गुरुवारी टाकली. आणि शुक्रवारी सकाळी दोनशेच्या वर चाचण्या लाल! लाल म्हणजे नापास.

झालं असं की नकली माणूस रिकाम्या हाताने आला तर जावाला चालतं. कोटलिनला चालत नाही. कोटलिन म्हणतं, इथे काहीतरी येणार असं ठरलंय, तर रिकामं यायचंच नाही. जुनी लायब्ररी दोघींच्या मध्ये काहीतरी सांभाळून घ्यायची. नवीने ते सांभाळून घेणं सोडून दिलं.

मला ते लगेच समजलं. सांभाळून घेणारी घरातून गेली की मगच कळतं ती काय काय करत होती ते.

ज्याने फोनवर सांगितलं होतं तो माणूस आता म्हणाला, मी विचार कर म्हटलं होतं, टाक नव्हतं म्हटलं. फोनवर बोललेलं, त्याचा पुरावा काय? सोमवारी सकाळपर्यंत सगळं हिरवं झालं पाहिजे, नाहीतर तिला कामावरून काढणार. ती कायम नव्हती अजून.

तेवढंच असतं तर एक वेळ ठीक. पण नवापूरचं एक स्थळ सांगून आलं होतं. पोल्ट्रीवाले, घर चांगलं, मुलगा वाईट नाही. पण त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं, सुनेने नोकरी करायची नाही, घरी बसून करायची तीही नाही. जेठांनी ते स्थळ आणलेलं. आमच्या घरात लग्नाचं ते ठरवतात. हर्षदाने नाही म्हटल्यावर ते यांना म्हणाले होते, "नोकरी शे तवलग ठीक, वरीसभर थांबू. नोकरी गयी का मंग सुपारी. मंग माले कोनी काही सांगानं नई."

आणि शुक्रवारी संध्याकाळी त्यांना कळलं की नोकरीचं काही खरं नाही. कोणाकडून कळलं? यांच्याकडून. हे भाबडेपणाने काळजी सांगायला गेले आणि तिकडून निरोप घेऊन आले की पाहुणे रविवारी दुपारी येतील, सुपारी फोडून घेऊ.

शनिवारी संध्याकाळी हर्षदा स्वयंपाकघरात आली. दोन दिवस ती नीट झोपलेली नव्हती. मी भाकरी थापत होते.

"मम्मी, तू एकदाव बोल ना मोठा बाबासंगे."

"मी काय बोलू बेटा?"

"इतलंच सांग, वरीसभर थांबा. पप्पा नई बोलतस त्यासनासमोर. तू बोल."

"मी चवथी शिकेल. माले काय समजस त्यामां?"

"त्यामां समजानं काय शे? माय शे ना तू?"

मी भाकरी उलटली. ती निघून गेली. हे मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण पुढे जे झालं ते सांगताना हे लपवलं तर सगळंच खोटं होईल.

रविवारी धानोऱ्याला माझ्या धाकट्या बहिणीच्या, मंगलच्या सासूची गंधमुक्ती होती, म्हणजे सुतक फिटल्याचं जेवण. मी तिकडे जेवणाच्या वेळेला जाऊन आले असते तरी चाललं असतं. किंवा गेलेच नसते तरी मंगल समजून घेणारी आहे. पण मी सकाळी सहालाच हिरवी साडी नेसून तयार झाले. हे म्हणाले, पाहुणे येणार आहेत आणि तू कुठे? मी म्हटलं, चहा-पोह्यांचं जेठाणी बघतील, मंगलला पुऱ्या लाटायला कोणी नाही. मंगलकडे पुऱ्या लाटायला वीस बायका होत्या. हर्षदा कानाला ते लावून लॅपटॉपसमोर बसली होती, पाठमोरी. मी तिला सांगितलं नाही. ह्यांनी मला रिक्षापर्यंत सोडलं. नंदुरबारला गाडी बदलून आठ-साडेआठला मी धानोऱ्यात.

मंगल दारातच म्हणाली, "ताई, तू इतली लवकर कशी उनी? तुन्हा घर आज पाव्हना येवाना व्हतात ना?"

"तठे मन्हं काय काम? माणसं शेतस बोलाले."

तिने माझ्या हातात लाटणं दिलं. 

मी दिवसभर तिथेच होते. मांडवाच्या मागे चुलीजवळ, बायकांच्या रांगेत. पुऱ्या लाटल्या, पहिल्या पंगतीला वाढलं, पुन्हा लाटायला बसले. दुपारी माझं लक्ष लागेना. किती वाजले असतील, पाहुणे आले असतील, तिला पाटावर बसवलं असेल... पुऱ्या कशाही व्हायला लागल्या. मंगलची चुलतसासू, अगदी म्हातारी, माझी एक पुरी उचलून सगळ्यांना दाखवत म्हणाली, "कोरीटनी बाई, तू पुरी लाटस का जिल्हाना नकाशा काढस? हाई देखा, हाई नवापूर बाहेर निंघी गयं!" सगळ्या हसल्या. मंगलच्या सुनेने त्या पुरीसकट माझा फोटो काढला. तो फोटो अजून तिच्या फोनमध्ये आहे. मी नंतर मुद्दाम मागून बघितला. त्याच्यावर वेळ येते. दोन वाजून एक्केचाळीस मिनिटं.

साडेचारला निघाले. कोरीटला उतरले तेव्हा सहा वाजत आले होते.  वाटलं, दारात गुलाल-हळदीचं ताट असेल, जेठाणी म्हणेल, तोंड गोड कर.

ओसरीवर हे एकटेच बसले होते. मला बघून म्हणाले, "आते कोठे गयथी परत?"

मी म्हटलं, "परत कोठे? मंगलकडतून येई ऱ्हायनू. सकायपासून तठेच व्हतू."

हे हसले. मला वाटलं चिडलेत, पण खरंच हसले. "भाऊले इतलं बोलनी, आनि आते पयी गयथी का? भीनी?"

मला काही कळेना. तेवढ्यात आतून हर्षदा धावत आली आणि तिने मला मिठी मारली. लग्नाच्या वयाची पोरगी, लहान मुलासारखी गळ्यात पडली. म्हणाली, "मम्मी, सगळं हिरवं व्हयनं!"

मग ती जे बोलत सुटली त्यातून मला कळलं ते असं.

दुपारी अडीचच्या सुमाराला तिचं डोकं चालेनासं झालं. दोनशे चाचण्या एकेक करून दुरुस्त करायच्या तर आठवडा जाईल. बाहेर अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला, पाहुणे. तिने डोकं टेबलावर टेकलं. तेव्हा मी आत आले. म्हणजे ती म्हणते मी. हिरवी साडी, हाताला मिरचीचा वास. बाजूच्या स्टुलावर बसले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, काय अडलं? तिने पुन्हा सांगितलं, नकली रिकामा हात घेऊन येतो आणि कोटलिन त्याला आत घेत नाही. तर मी म्हणाले, "रिकामी वाटी कोनी परत देस का वं? दोन दाना टाक ना."

आमच्याकडे शेजारणीचं भांडं आलं तर ते रिकामं परत करत नाहीत. गुळाचा खडा, मूठभर दाणे, काही नसलं तर साखरेची चिमूट. आतलं किती आणि काय ह्याला महत्त्व नसतं, भांडं रिकामं जाता कामा नये. हर्षदा म्हणाली, मम्मी, मी नुसती तुझ्या तोंडाकडे बघत बसले. मग तिने एकाच जागी असं लिहून टाकलं की कुठल्याही नकलीकडे द्यायला काही नसेल तर त्याने रिकामा हात न आणता काहीतरी नावापुरतं आणायचं, जिथे जे चालेल ते. दोनशे ठिकाणी लिहायचं काम एका ठिकाणी झालं. ते लावून तिने चाचण्या चालू केल्या. सगळ्या चालायला चाळीस मिनिटं लागतात.

आणि त्या चाळीस मिनिटांत जेठ तिला बोलवायला दाराशी आले. पाहुणे बसलेत, पोरीला पाठवा. तेव्हा मी उठले, ओसरीवर गेले आणि बोलले.

डोक्यावर पदर नव्हता. हे सगळे सांगतात. बाकी प्रत्येकाचं सांगणं वेगळं, पण पदर नव्हता आणि जेठांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलले, हे सगळ्यांचं एकच. पाहुण्यांचा चहा झाला होता. ते उठले. कळवतो म्हणाले. सुपारी तशीच गेली. जेठ अंगणातून आपल्या घरी गेले ते चप्पल न घालता.

साडेतीनला चाचण्या संपल्या. सगळ्या हिरव्या. हर्षदाने मला सांगायला हाक मारली तर मी घरात नव्हते.

मी ओसरीच्या खांबाला धरून हे ऐकत होते. तोंडात आलं होतं, अगं, मी नव्हते. ते ओठापर्यंत आलं होतं. पण तिने माझा हात धरला होता आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, जसं तिने लहानपणीसुद्धा माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं व्हयनं बेटा." एवढंच.

एवढंच म्हटलं आणि तिथेच मी अडकले.

मी यांना नंतर दोन-तीनदा विचारून बघितलं, तुम्ही तर मला सकाळी रिक्षात बसवलं होतं ना? तर म्हणाले, हो, दुपारच्या गाडीने परत आली असशील असं वाटलं. मग परत कुठे गेली? देवळात गेली असशील. माणसांना सगळ्याला उत्तर असतं.

दुसऱ्या दिवशी मी फळीवर सुशीलाबाईची वाटी शोधत होते. तिने आठवड्यापूर्वी लोणचं दिलं होतं त्यात. वाटी नव्हती. भिंतीवरून हाक मारून विचारलं तर ती म्हणाली, "अवं, वाटी तर तूच दिधी ना काल दुपारले! गूळना खडा बी टाकेल व्हता. येडी व्हयनी का?"

म्हणजे नुसतं दिसणं नव्हतं. वाटी हातात घेऊन दिली होती. गूळ माझ्या डब्यातला होता. मी डबा उघडून बघितला, कडेचा खडा फोडलेला होता.

मी खूप विचार केला. हर्षदा जागरणाने थकली होती, तिला भास झाला असेल. पण यांना? सुशीलाबाईला? दुसरी कोणी बाई असेल म्हणावं, तर हिरवी साडी कुठून आली, आणि मधल्या खोलीत पोरीजवळ बसून तिला ओळखू येणार नाही का? जेठांचं मात्र मला कोडं आहे. सव्वीस वर्षं त्यांनी फक्त माझा पदर बघितला. माझा चेहरा त्यांनी नीट कधी बघितलाच नाही. मग उघड्या डोक्याने समोर उभी राहिलेली बाई आपली भावजय आहे, हे त्यांना कोणी सांगितलं?

एक दिवस हर्षदाने सहज म्हटलं, मम्मी, कंपनीत सगळे विचारतात ही युक्ती कोणाची, मी सांगते माझ्या मम्मीची. तिची नोकरी टिकली, पुढे ती कायम झाली आणि पावसाळ्यानंतर कंपनीने तिला पुण्याला बोलावून घेतलं.  जेठ आता आमच्या ओसरीवर बसत नाहीत. अंगणात कोणी भेटलं तर म्हणतात, "धाकलीले वाचा फुटनी. आते घर तीच चालाडी." मी आत उभी असते, डोक्यावर पदर घेऊन. तेव्हाही घेत होते, आताही घेते. माझ्यात काहीच बदललेलं नाही. हे फक्त मला माहीत आहे.

गावाला ते माहीत नाही. गावात असं झालंय की हिला तोंड आहे. सुशीलाबाईची कविता, तिला नंदुरबारला नर्सिंगला जायचं होतं. तिचा बाप नको म्हणत होता. सुशीलाबाई माझ्याकडे आली. म्हणाली, तू एकदा येऊन बोल, तुझं ऐकतील. मी नको नको म्हटलं. तिला वाटलं मी भाव खाते.

गेले मी. मनात म्हटलं, एकदा जर माझ्या नावाने एवढं बोलून झालंय तर दुसऱ्यांदा मलाही जमेल. कविताचा बाप खाटेवर पेपर वाचत बसला होता. तो काही जेठ नाही, माझ्यापेक्षा वयाने लहान आहे. कविता दाराच्या आड उभी होती, तिची बोटं मला दिसत होती दाराच्या कडेवर. मी बसले. पेपरवरून त्याने बघितलं, म्हणाला, "बोला वहिनी."

मी पदर सारखा केला.  मी त्या बाईची वाट बघितली, खरंच सांगते... जी माझी साडी नेसून येते, तिने आत्ता यावं. माझ्या जागी येऊन बसावं. कोणी आलं नाही.

मी म्हटलं, "चहा झाला का भाऊ?"

तो म्हणाला, "झाला." आणि पेपर पुन्हा वर घेतला.

दारावरची बोटं गेली. बाहेर पडताना सुशीलाबाई माझ्या मागे आली नाही, ओट्यावरूनच म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सोतानी पोरले तोंड, दुसरानी पोरले कुलूप."

कविताचं लग्न झालं मे महिन्यात. सुशीलाबाई आता काही मागायला येत नाही, द्यायलाही येत नाही. मी तिला काय सांगणार? की माझ्या पोरीच्या वेळीही कुलूपच होतं? त्या दिवशी मी पळून गेले होते आणि धानोऱ्यात वाकड्या पुऱ्या लाटत बसले होते, हे सांगू?

कधी वाटतं देवाने केलं. मग राग येतो, तर मग देवाने मलाच का नाही बोलवलं? मी जिवंत होते, दीड-दोन तासांच्या रस्त्यावर होते. मला उचलून घरी आणायचं सोडून माझ्यासारखी दुसरी उभी केली. म्हणजे त्यालाही माहीत होतं की ही खरी असून काही उपयोगाची नाही. कधी वाटतं भूत असेल, तर मग असलं कसलं भूत, जे शेजारणीची वाटी आठवणीने परत करतं आणि पोरीच्या डोक्यावरून हात फिरवतं. त्या ग्रूपवर कोणीतरी लिहिलं होतं, माणसाची इच्छा फार तीव्र असली की त्याचा देह दुसरीकडे दिसतो. तसंही नाही. माझी इच्छा बोलायची नव्हती. माझी इच्छा तिथे नसण्याची होती. ती मात्र पुरी झाली.

हर्षदाला अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी तिचा फोन येतो. खोलीवरच्या तिच्या मैत्रिणींनासुद्धा ती गोष्ट पाठ आहे. मागच्या महिन्यात एक मैत्रीण फोनवर आली, म्हणाली, काकू, माझ्या आईशी बोला ना, तिला थोडी हिंमत द्या. मी म्हटलं रेंज नाही, आणि फोन ठेवला.

एक गोष्ट मात्र मला रात्रंदिवस खाते. त्या दुपारी ओसरीवर मी काय बोलले, हे मला माहीत नाही. यांना विचारलं तर म्हणतात, खूप बोललीस, काय ते मला आठवत नाही. सुशीलाबाईने भिंतीपलीकडून एकच वाक्य ऐकलं होतं, "हाई पोर मन्ही शे," आणि पुढे कुकरची शिट्टी झाली. जेठांना विचारायची सोय नाही. पाहुण्यांचा नवापूरचा पत्ता काढून त्यांना विचारावं इथपर्यंत माझं डोकं जातं.

शब्दन्‌शब्द फक्त हर्षदाला आठवतो. ती म्हणते, मम्मी, खूप कंटाळा आला की मी तू बोललेलं सगळं मनात पहिल्यापासून म्हणते आणि मग कामाला लागते. माझ्या तोंडून निघालेलं, माझ्या पोरीला पाठ असलेलं, आणि मी ते एकदाही ऐकलेलं नाही. सांग ना गं, असं कितीदा तोंडावर येतं. पण बोललेलीनेच विचारायचं तरी कसं?

परवा तीच म्हणाली, "मम्मी, तुले याद शे ना तू काय काय बोलनी?"

मी म्हटलं, "शे ना."